घुबड

2017 चा पावसाळा सरता सरता किन्हीराजाच्या एका शाळेत फुटबॉल आले. कुणी मागितले नव्हते. त्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात भरणार होता, त्यातले काही सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायचे होते, आणि त्या निमित्तानं राज्य सरकारनं 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' अशी मोहीम काढली होती. 15 सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा, असं ठरलं. आदेश आला, मागोमाग चेंडू आले.

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव, नागपूरहून औरंगाबादेकडं जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं. सोयाबीन आणि तूर हे पीक, विहिरीला पाणी असेल तिथं गहू-हरभरा. पोरांचा खेळ म्हणजे क्रिकेट, नाहीतर कबड्डी. फुटबॉल टीव्हीवर पाहिलेला, पायानं कधी न शिवलेला. त्या दिवशी मैदानावर जे झालं त्याला खेळ म्हणणं धाडसाचं ठरेल. चाळीस-पन्नास पोरं, घोटाभर चिखल, एक चेंडू, आणि दोन्हीकडचे गोलकीपरही गोल मारायला पुढं धावलेले. फोटो मात्र झकास आले.

बऱ्याच ठिकाणी चेंडू दुसऱ्या दिवशी कपाटात गेले. इथं ते बाहेर राहिले याचं कारण शाळेचे क्रीडाशिक्षक. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेला माणूस. 1914 पासूनची ती संस्था. तिथून निघालेला मास्तर विदर्भात कुठल्याही तालुक्याला सापडतो. सर मूळचे कबड्डीचे, पण फुटबॉलचं वेड जुनं. त्यांनी चार बांबू रोवले, फक्कीनं रेघा मारल्या आणि शाळा सुटल्यावर रोज तासभर खेळ लावला. (सांगून टाकतो: हे सर, ही पोरं आणि त्यांचे आईबाप गोष्टीतले आहेत. पुऱ्या नावानिशी जे खेळाडू पुढं येतील ते, त्यांचे सामने आणि सनावळ्या खऱ्या.)

सरांनी हौसेनं एक प्रथाही पाडली. शनिवारी फळ्यावर त्या आठवड्यात कुणी किती गोल मारले ते लिहायचं. प्रथा चांगली दिसते, पण तिनंच घोटाळा केला. दोन शनिवारांत मैदानाचा निम्मा भाग ओसाड झाला. सगळी पोरं समोरच्या बांबूंजवळ उभी राहून 'मले दे, मले दे' ओरडायची आणि चेंडू तिथवर आणायला कुणीच नसायचं. फळ्यावर सर्वांत वर नाव असायचं ते गोळीचं. लाथ अशी बसायची की चेंडू सुटल्याचा आवाज आधी यायचा, म्हणून गोळी. सर्वांत खाली बारक्या. आठवीतला, पण पाचवीतला वाटेल एवढा. धक्का लागला की पडायचा, पडला की हसायचा. त्याच्या नावापुढं शून्य असायचं. पुढं पुढं सरांनी ते लिहिणंही सोडलं.

एक दिवस सरांनी बारक्याला मैदानाच्या बरोबर मध्ये उभं केलं.

"सर, मले मधात नका ठेवू."

"काहून?"

"मधातल्याले मागंबी पळा लागते, पुढंबी पळा लागते. अन् फळ्यावर नाव गोळीचं."

तक्रार खरी होती. सरांनी ती खोडली नाही. म्हणाले, "उद्यापासून तू चेंडूकडं कमी पाहायचं."

पोरं हसली. फुटबॉल खेळायचा आणि चेंडूकडं पाहायचं नाही! पण सरांचा नियम पक्का होता. चेंडू लांब असेल तेव्हा बारक्यानं मान वळवून डावीकडं, उजवीकडं, पाठीमागं पाहून घ्यायचं. सर मध्येच शिट्टी मारत. शिट्टी झाली की बारक्यानं डोळे मिटायचे आणि सांगायचं, मागं कोण आहे, डावीकडं आपला आहे की दुसऱ्याचा, मोकळी जागा कुठं आहे. पहिले काही दिवस तो एकही उत्तर बरोबर देऊ शकला नाही. मान वळवायचा, पण पाहायचा नाही. सगळा जीव चेंडूत.

मान फिरवून फिरवून त्याला नाव मात्र पडलं, घुबड. वऱ्हाडात घुबड म्हणजे अपशकुन. घरावर बसलं तर माणसं दगड मारून उठवतात. नाव घरी पोचलं आणि बारक्याची आजी काठी टेकत शाळेत आली.

"माह्या नातवाले पोट्टे घुबड म्हनतात मास्तर! तुमी काय करू राह्यले?"

सर म्हणाले, "आजी, घुबड लक्ष्मीचं वाहन आहे."

"तिच्या घरी असू द्या. आमच्या घरी नको."

मग सरांनी तिला घुबडाची मान कशी वळते ते करून दाखवलं. डोळे जागचे हलत नाहीत म्हणून देवानं मानच जवळजवळ पुरती फिरेल अशी दिली. खांद्यावरून पार पाठीकडचं दिसतं. आजीनं ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि जाताना नाव बदला असं पुन्हा एकदा बजावून गेली. नाव बदललं नाही. गावात ठेवलेलं नाव बदलायला माणूस मरावा लागतो.

परतीच्या पावसाचे दिवस होते. एका दुपारी मैदानावर तळं साचलं आणि पोरं वर्गात अडकली, तेव्हा सरांनी त्यांना एका मधल्या फळीतल्या खेळाडूची गोष्ट सांगितली.

आशिया खंडातले बडे देश ज्यात खेळतात त्या आशियाई चषकात भारत 1984 साली सिंगापूरला खेळला होता. त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली, भारत पात्रता फेरीतच गळायचा. अशात आशियाई महासंघानं छोट्या देशांसाठी चॅलेंज कप काढला आणि 2008 च्या स्पर्धेला बक्षीस ठेवलं: जिंकेल त्याला 2011 च्या आशियाई चषकात थेट जागा. स्पर्धा भारतात, हैदराबादला. प्रशिक्षक बॉब हॉटन नावाचे इंग्रज गृहस्थ. कर्णधार बायचुंग भुतिया. पुढच्या फळीत तेव्हा तरणाबांड असलेला सुनील छेत्री. संघात मुंबईचा स्टीव्हन डायस होता, बचावात गोव्याचा महेश गवळी होता, आणि मैदानाच्या मध्यात गोव्याचाच क्लायमॅक्स लॉरेन्स.

नाव ऐकून वर्गात खसखस पिकली. सरांनी पिकू दिली.

30 जुलैला पहिला सामना अफगाणिस्तानशी. लढाईनं मोडलेला देश. त्यांच्यावर भारत सहज तीन-चार गोल चढवील असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. अर्धा तास गेला, गोल नाही. मध्यंतर झालं, गोल नाही. ऐंशी मिनिटं झाली. घरच्या मैदानावर, पहिल्याच सामन्यात, गटातल्या दुबळ्या समजल्या गेलेल्या संघाशी बरोबरी, म्हणजे पुढच्या ताजिकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानच्या सामन्यांत गळ्याशी येणार. नव्वद मिनिटं सरली. पंचांनी वाढवून दिलेल्या वेळेत गोल झाला. मारला लॉरेन्सनं. भारत 1, अफगाणिस्तान 0.

पुढं ताजिकिस्तानशी 1-1 अशी बरोबरी झाली. तुर्कमेनिस्तानला 2-1 हरवलं, दोन्ही गोल भुतियाचे. उपान्त्य सामन्यात म्यानमारवर एकच गोल, तो छेत्रीचा. पावसानं हैदराबादच्या मैदानाची वाट लावली म्हणून अंतिम सामना दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर नेला. 13 ऑगस्टला भारतानं ताजिकिस्तानला 4-1 नं लोळवलं. छेत्रीचे तीन गोल, भुतियाचा एक. सत्तावीस वर्षांनी भारत आशियाई चषक खेळणार हे नक्की झालं.

"आता सांगा," सर म्हणाले, "दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कुणाचा?"

"छेत्रीचा!"

"बरोबर. आणि तो असायलाच पाहिजे. अंतिम सामन्यात तीन गोल म्हणजे खायचं काम नाही. पण लॉरेन्सनं त्या पहिल्या सामन्यात गोलाआधीची नव्वद मिनिटं काय केलं?"

गोळी म्हणाला, "वाट पायली असंल."

सर हसले नाहीत. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर मैदान काढलं. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो तो सगळा मिळून दोन-तीन मिनिटं. मधल्या फळीतला माणूस साऱ्या सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळतो. म्हणजे किन्हीराजाहून निघून धापा टाकत पुढचं गाव गाठायचं, आणि वाटेत चेंडू हाती लागायचा तो चहा पिण्याएवढा वेळ. उरलेल्या साऱ्या वेळात तो समोरच्यांची वाट अडवतो, आपल्यातला कुणी एकटा पडला तर त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो, बचाव करणारा पुढं गेला तर त्याची रिकामी जागा भरतो. "पायात चेंडू नसताना जे करतो, त्याचा पगार त्याला मिळतो," सर म्हणाले. लॉरेन्स ज्या डेम्पो क्लबकडून खेळायचा त्यानं प्रशिक्षक आर्मांदो कोलासोंच्या हाताखाली आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची अव्वल लीग, 2007-08, 2009-10 आणि 2011-12 अशी तीनदा जिंकली. त्या संघातले गोल मारणारे बदलत राहिले. मधला हा बराच काळ तोच.

मग गोष्टीचा दुसरा भाग, जो सरांनी गाळला असता तरी चाललं असतं. 2011 च्या जानेवारीत दोहाला भारत आशियाई चषक खेळला आणि तिन्ही सामने हरला. ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहरीनकडून 2-5, दक्षिण कोरियाकडून 1-4. पुढच्या वर्षी लॉरेन्सनं भारतीय संघातून निवृत्ती घेतली. पोरं हिरमुसली. त्यांना वाटलं होतं, गोष्ट जिंकून संपेल. सरांच्या गोष्टी तशा संपत नसत, आणि मला त्यांचं तेच आवडतं.

त्या शनिवारी सरांनी फळ्यावर गोल लिहिले नाहीत. कारणही सांगितलं नाही. गोळी दोन दिवस रुसून बसला.

बारक्याचं घोडं मात्र शिट्टीपाशीच अडलेलं. ते सुटलं मैदानावर नव्हे, वावरात.

रब्बीला त्याच्या बाबानं विहिरीवर थोडा गहू पेरला होता. शेतीची लाइन रात्रीची. डिसेंबरच्या थंडीत बाप-लेक कान बांधून गव्हाला पाणी द्यायला जायचे. मोटर चालू झाली की पाणी दांडानं धावत येतं. एक सरी भरत आली की तिचं तोंड मातीनं बांधायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. बाबा फावडं घेऊन दांडावर, बारक्या बॅटरी घेऊन पुढं. एका रात्री बारक्या येणाऱ्या पाण्याकडं बघत उभा राहिला. चांदण्यात ते चमकत येताना छान दिसतं, यात शंका नाही. पुढच्या सरीला उंदरानं बीळ पाडलं होतं, पाणी तिकडून फुटलं आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं.

बाबा ओरडला, "पान्याकडं काय पायतं? ते तं येनारच हाय. जाचं कुठी ते पाय आधी! पानी आल्यावर पायत बसला तं फुटलंच समज."

बारक्यानं त्या रात्री उरलेल्या साऱ्या सऱ्या आधी पुढं जाऊन पाहिल्या. कुठं बीळ आहे, कुठं ढेकूळ अडकलंय, कुठली सरी अजून ओली आहे. पाणी त्याच्यापाशी यायच्या आत त्याला माहीत असायचं ते कुठं पाठवायचं. आणि दांडावर उभ्या राहणाऱ्याकडं पाणी थांबत नाही; थांबलं तर त्याचेच पाय ओले होतात आणि गहू कोरडा राहतो.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली. बारक्यानं डोळे मिटले. "मागं गोळी हाय, पन त्याले दोघायनं धरलं. डावीकडं कोनी नाही. उजवीकडं आपला हाय, मोकळा हाय." सरांनी वळून पाहिलं. सगळं बरोबर.

हे काही आमच्या सरांनी शोधून काढलेलं गुपित नव्हे. गेर यॉर्डेट नावाच्या नॉर्वेच्या संशोधकानं इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती बारकाईनं पाहिल्या. चेंडू पायाशी येण्याआधीच्या काही सेकंदांत कोण किती वेळा मान वळवतो ते त्यानं मोजलं. जे जास्त वेळा पाहून घेत, त्यांचे पुढं दिलेले पास जास्त अचूक पडत. फ्रँक लॅम्पार्डसारखा नावाजलेला मधला खेळाडू या मोजणीत फार वर होता. त्याच्या पायाचं कौतुक जगभर झालं. मानेचं पुष्कळ नंतर.

2018 च्या पावसाळ्यात रशियातला विश्वचषक झाला आणि किन्हीराजाच्या पोरांना नवा माणूस सापडला. सरांच्या मोबाइलवर पाहिलेला, क्रोएशियाचा लुका मॉड्रिच. तोही मधला आणि तोही किडकिडीत. क्रोएशिया म्हणजे लोकसंख्येनं आपल्या वाशीमसारखे तीन-साडेतीन जिल्हे. मॉड्रिच सहा वर्षांचा असताना तिथल्या युद्धात त्याच्या आजोबांना मारलं गेलं. घर सुटलं. झादर शहरात निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलात तो वाढला आणि त्याच हॉटेलाच्या पार्किंगमध्ये चेंडू खेळला. हाजदुक स्प्लिट या मोठ्या क्लबनं त्याला अंगानं फार बारीक म्हणून घेतलं नाही. पुढं डिनामो झाग्रेबनं घेतला आणि अठराव्या वर्षी बोस्नियाच्या लीगमध्ये धाडला, जिथं आडदांड खेळाडू लाथा घालत. तिथं तो वर्षभर खेळला आणि शाबूत परत आला. 2008 मध्ये टॉटनहॅम, 2012 मध्ये रिआल माद्रिद. माद्रिदला गेल्यावर काही महिन्यांतच एका क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला त्या मोसमातली सर्वांत वाया गेलेली खरेदी ठरवलं. त्याच क्लबबरोबर त्यानं पुढं सहा चॅम्पियन्स लीग जिंकल्या.

ऑगस्टात वाशीमला जिल्हा क्रीडा संकुलावर सुब्रोतो मुखर्जी चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेचे जिल्हास्तरीय सामने लागले. चौदा वर्षांखालची मुलं. श्रावणाची झड, मैदानावर काळ्या मातीचा राडा. एका वर्गमित्राच्या काकाच्या काळीपिवळीत बसून किन्हीराजाची पोरं पोचली. बुटं निम्म्यांनाच होती. समोरचा संघ शहरातला. त्यांना एकसारखे शर्ट, एकसारखे मोजे, आणि पाणी पाजायला वेगळा माणूस.

पहिल्या डावात बारक्याचा खेळ बरा चालला होता. मग एकदा त्यानं मान न वळवताच मागं पास दिला. घाई झाली, दुसरं काय. चेंडू चिखलात रुतला, समोरच्या पोरानं उचलला आणि थेट गोल. 0-1. त्यानंतर बारक्या खेळातून नाहीसा झाला. मैदानावर होता, पण जिथं चेंडू येणार नाही अशा जागा शोधून उभा राहायचा. आता त्याला मैदान इतकं छान वाचता येत होतं की लपायच्या जागाही अचूक सापडत होत्या! शिकलेल्या विद्येचा असाही उपयोग होतो. दुसरा गोल झाला तो मधली जागा ओस पडल्यामुळं.

मध्यंतराला पोरं पाणी प्यायला जमली. गोळी म्हणाला, "सर, घुबडाले बदला." सर बारक्याजवळ जाऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "डेन्मार्कची मॅच आठवते?"

आठवत होती. 1 जुलैचा सामना. क्रोएशिया आणि डेन्मार्क 1-1, जादा वेळ संपत आलेली. क्रोएशियाला पेनल्टी मिळाली. घेणारा कर्णधार मॉड्रिच. गोल झाला की सामना खिशात. डेन्मार्कच्या कॅस्पर श्मायकेलनं ती अडवली. सारा देश बघत असताना कर्णधार चुकला. काही मिनिटांतच सामना पेनल्टी शूटआउटवर गेला, म्हणजे पुन्हा तेच: तोच गोलकीपर, तेच अंतर. त्या वेळी मॉड्रिचला म्हणता आलं असतं की आज माझा पाय नीट नाही, दुसऱ्याला पाठवा. कुणी दोष दिला नसता. तो गेला, मारली, गोल झाला. क्रोएशियाच्या गोलकीपरनं, सुबाशिचनं, तीन अडवल्या आणि संघ पुढं गेला. तिथून रशियाला, मग इंग्लंडला हरवत अंतिम सामन्यापर्यंत. तिथं फ्रान्सनं 4-2 नं हरवलं, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सोन्याचा चेंडू मॉड्रिचलाच मिळाला. त्याच डिसेंबरात वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओरही. दहा वर्षं तो मान मेस्सी आणि रोनाल्डो यांच्याबाहेर गेला नव्हता.

सरांनी यातलं काहीच बोलून दाखवलं नाही. शिट्टी झाली, पोरं उठली.

दुसऱ्या डावात बारक्या चेंडू मागू लागला. ओरडून. पहिले दोन पास वाया गेले, तिसऱ्यांदा पुन्हा मागितला. मान डावीकडं, उजवीकडं, मागं. शेवटाकडं एकदा चेंडू त्याच्याकडं येत असतानाच त्यानं पाहून ठेवलं होतं की समोरचा उजवा बचाववाला चिखलात घसरून जागा सोडून गेलाय. चेंडू पायाशी थांबलाच नाही. आला तसा त्या मोकळ्या जागेत गेला. गोळी तिथं धावत पोचला आणि त्यानं लाथ घातली ती त्याच्या नावाला साजेशी. 1-2. सामना तेवढ्यावरच संपला, किन्हीराजा हरलं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर चार ओळी आल्या, त्यात गोळीच्या एकमेव गोलाचा उल्लेख होता. गोळीच्या आईनं ते कात्रण पोळपाटामागं खोचून ठेवलं. बारक्याचं नाव कुठं नव्हतं.

पण सामना संपल्यावर समोरच्या संघाचे प्रशिक्षक चिखल तुडवत सरांकडं आले होते. त्यांनी गोल मारणाऱ्याबद्दल विचारलं नाही. "तो सारखी मान फिरवणारा पोरगा कितवीत आहे?" एवढंच विचारलं, आणि नागपूरला होणाऱ्या एका शिबिराचा कागद दिला.

कागद घरी आला तेव्हा बारक्याच्या बाबानं रास्त प्रश्न विचारला, "ह्याच्यात पोट भरते का?"

सरांनी खोटं सांगितलं नाही. भारतात फुटबॉलचा पेशा म्हणजे भरवशाची नोकरी नव्हे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड, एकेकाळचा राष्ट्रीय विजेता, 2010 मध्ये मालकांनी बंदच केला. लॉरेन्सचा डेम्पो आणि त्याच्यासोबत साळगावकर व स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. (आयएसएल ही नवी लीग 2014 मध्ये झगमगाटात सुरू झाली, 2025 मध्ये तिचाही मोसम कराराच्या घोळात अडकून पडला. हे सरांना तेव्हा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांच्या हिशेबात बसणारं होतं.) गुडघा गेला तर सगळंच गेलं. हाताशी राहतं ते एवढंच की राज्याच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत, रेल्वे-पोलिसांतही खेळाडू घेतात. म्हणून शिक्षण सोडायचं नाही.

बाबानं ऐकलं. म्हणाला, "सोयाबीनचा भाव तरी कुठी ठरेल हाय? जाऊ द्या पोट्ट्याले."

आजीनं बारक्याच्या पिशवीत तिळाचे लाडू घातले आणि तिथं गेल्यावर आपलं खरं नाव सांग म्हणून ताकीद दिली.

शिबिरात शंभरावर पोरं होती, बहुतेक त्याच्याहून उंच. दोन दिवसांनी तो परत आला. निवड झाली नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा गेला. पुढं नागपूरला शिकायला राहिला, खोली केली, सकाळी सराव आणि दुपारी कॉलेज. शेजारच्या कामठीत फुटबॉल म्हणजे काय चीज असते ते तिथं पाहिलं. गल्लीतला पानवालाही पास चुकला की नावानं ओरडतो. त्याआधी कोरोनाची दोन वर्षं घरी बसून गेली होती. त्या काळात त्यानं आणि गोळीनं गावातल्या लहान पोरांना घेऊन मैदानाच्या रेघा पुन्हा आखल्या. गोळीनं नंतर ट्रॅक्टर घेतला. आता त्याचं चांगलं चाललंय आणि तो अजूनही रविवारी खेळतो, पुढंच.

बारक्या सध्या नागपूरच्या लीगमध्ये एका क्लबकडून मधल्या फळीत खेळतो, आणि शारीरिक शिक्षणाच्या पदवीचं शेवटचं वर्ष करतो. उंची फारशी वाढली नाही. गेल्या मोसमात त्याच्या नावावर एकही गोल नाही. संघ ठरवायला बसल्यावर प्रशिक्षक पहिलं नाव त्याचं लिहितात.